बोटांकडं बघायचं न्हाई

सरजाबाईला माणसाचं तोंड लक्षात राहायचं नाही, हात राहायचे. वस्तीत नवीन सून आली की बाकीच्या बायका तिचा रंग बघायच्या, केस बघायच्या. ही बघायची बोटं. भाकरी थापताना मधेच अडखळतात का, घागर उचलताना करंगळी उडते का. बायका म्हणायच्या, "सरजे, हात बघायचा धंदा काढ की, उदगीरच्या बाजारात बस." तीही हसायची. पण हे वेड तिला हौसेनं लागलं नव्हतं.

तिचं माहेर मुखेडकडचं, नांदेड जिल्ह्यातलं. सासर नागलवाडी, उदगीरपासून दोन कोस, कर्नाटकाच्या अंगाला. नवरा भीमा. काय हात होता त्याचा! सुईत दोरा एका फटक्यात ओवायचा आणि वाकळा शिवायचा, बारीक टाक्याच्या. पुरुष असून वाकळ शिवतो म्हणून गावानं आधी टिंगल केली, आणि थंडी पडली की तीच माणसं जुनी लुगडी काखेत मारून ह्याच्या दारात. भीमा कुणाला नाही म्हणायचा नाही. सरजाबाई त्या हातांवर भुलली होती, हे ती म्हातारपणीसुद्धा न लाजता सांगायची.

आता त्या घरात जे होतं ते समजायला थोडं मागं जावं लागेल. भीमाचा आजा लिंबाजी हा गावाचा पोतराज. त्याच्या अंगात मरीआई यायची. कमरेला चिंध्यांचा घागरा, हातात कोरडा म्हणजे चाबूक, आणि घरात देवीचा पितळी मुखवटा, तळहाताएवढा. गावात पटकी आली, पाऊस लांबला, की लिंबाजीला बोलावणं. लोक वस्तीतल्या माणसाला एरवी सावलीला उभं करत नसत, पण लिंबाजी घुमायला लागला की पाटलाच्या घरच्या बायकासुद्धा लांबून पाया पडायच्या.

छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला. घरोघरचे देव बाहेर निघाले. लिंबाजी तेव्हा हयात नव्हता. त्याचा मुलगा व्यंकटराव, म्हणजे भीमाचा बाप, यानं मुखवटा काढून बायकोच्या हातात दिला. बायको म्हणजे धुरपताबाई. "तूच टाक," म्हणाला, "इतकी वर्सं तूच घासलीस." धुरपताबाईनं तो वस्तीच्या आडात टाकला. टाकताना अंग हलकं झालं, असं ती पुढं एकदाच बोलली, आणि बोलल्यावर गप्प बसली.

कारण दोन-तीन पावसाळे गेले आणि व्यंकटरावाची बोटं उडायला लागली. आधी बोटं, मग खांदा, मग मान. चालायला लागला की पिऊन आलाय असं वाटावं. शेवटी त्याला गिळताही येईना, आणि सुकून गेला बिचारा. गावानं काय म्हटलं असेल? बुडवलेली देवी वर आली, दुसरं काय. वस्तीतली शिकलेली पोरं चिडायची, असलं काही नसतं म्हणून भांडायची. धुरपताबाई भांडली नाही. तिनं ते ऐकलं आणि पोटात ठेवलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ज्वारी नाही, चारा नाही, पाणी तर सोडाच. सगळी माणसं खडी फोडायला सरकारी कामावर. तिथं एका दुपारी भीमाच्या हातातला हातोडा सुटला आणि शेजारच्या बाईच्या पायापाशी पडला. मुकादम चन्नबसप्पा म्हणाला, "भीमा, पिऊन येतोस का रे?" भीमानं जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. तो नुसता आपल्या हाताकडं बघत राहिला. बोटं आपल्याआप चालली होती, पेटीच्या पट्ट्यांवर फिरल्यासारखी. घरी आल्यावर तो जेवायला बसला, तेव्हाही चालली होती. धुरपताबाईनं ते पाहिलं आणि अर्ध्या ताटावरून उठून बाहेर गेली. देवीच्या कोपाचं गावातलं बोलणं सरजाबाईनं तोवर मनावर घेतलं नव्हतं, म्हणून सासू का उठली हे तिला तेव्हा कळलं नाही. कळलं आठ दिवसांनी, आडाच्या तळाशी.

आड आटला होता. तळाच्या झऱ्यातून पाणी पाझरायचं, ते वाटीनं घागरीत भरावं लागे. सरजाबाई अंगानं काटकुळी, म्हणून कमरेला दोर बांधून तिलाच खाली सोडायचे. वरून आभाळ परातीएवढं दिसायचं. त्या दिवशी वाटी खडकावर घासली तसा आवाज आला नाही, वेगळाच आला. तिनं चिखलात हात घातला तर बोटांना नाक लागलं. पितळेचं नाक. मग डोळे, मग कपाळावरचा टिळा. चिखल पुसला तर मरीआई तिच्याकडंच बघत होती.

वरून बायका ओरडल्या, "सरजे, झोपलीस का?" सरजाबाईच्या अंगातला जीव निघून गेला होता, पण डोकं चालू होतं. तिनं मुखवटा ओच्यात खुपसला आणि दोर हलवला. दिवसभर तो गारठा तिच्या पोटाला लागून होता.

घरी उतरंड होती, मडक्यावर मडकं. त्यातलं तळचं मडकं दुष्काळानं रिकामं केलं होतं. मुखवटा फाटक्या चोळीत गुंडाळून तिनं तिथं ठेवला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि खाली मडक्यात ही. वस्तीला कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. सासूला कळलं असतं तर काय झालं असतं, याचा तिनं विचारच केला नाही. दर मंगळवारी घरात कोणी नसलं की ती मडक्यावर हात ठेवून एवढंच म्हणायची, "ह्येंचं झालं ते झालं. माझ्या लेकीला सोड."

लेक म्हणजे पंचशीला, एकुलती एक, तेव्हा आठ वर्षांची. सरजाबाईचा सगळा सौदा त्या पोरीपायी होता. देवीनं सासरा घेतला, नवरा धरला, आता पोरीला हात लावू नये. त्यासाठी धम्माशी लबाडी करावी लागली तरी चालेल, मार खावा लागला तरी चालेल. आणि सौदा पाळला जातोय की नाही, हे बघायचं कुठं? पोरीच्या बोटांत. पंचशीला पाटी लिहिताना, वेणी घालताना, शेंगा फोडताना, आईची नजर हातावर. पोरीला वाटायचं, माय आपल्या अक्षराकडं बघते.

दहा वर्षं अशी गेली. भीमा आता एका जागी बसेना आणि उभाही राहीना. सुई कधीच सुटली होती. कधी चिडून ताट भिरकवायचा, मग रडायचा. झोपला की मात्र सगळं थांबायचं. हात, मान, खांदे, सगळं. झोपेत तो परत जुना भीमा दिसायचा, वाकळा शिवणारा, आणि सरजाबाईला त्याच्या झोपेचीच जास्त भीती वाटायची. वाटायचं, देवी आता त्याच्या अंगातून बाहेर पडलीय, घरात कुठंतरी फिरतेय.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. इतके दिवस कुठल्याही कागदासाठी उस्मानाबाद गाठायला लागायचं, ते सुटलं. नवी कलेक्टर कचेरी आली, कचेरीला माणसं पाहिजे होती. पंचशीला मॅट्रिक होऊन उदगीरला टायपिंग शिकत होती. ती एकदा लातूरला परीक्षा देऊन आली आणि म्हणाली, "माय, तिथल्या सरकारी दवाखान्यात आठवड्याला मोठी डॉक्टरीण येती. मेंदूची, शिरांची. बाबाला नेऊ."

सरजाबाई अडून बसली. देवीचं काम डॉक्टरला दाखवलं तर देवी आणखी चिडायची, असं तिच्या मनात. पण हे ती लेकीला कुठल्या तोंडानं सांगणार? शेवटी धुरपताबाईच उठली. "चला," म्हणाली, "माझं लेकरू हाय, म्या बी येती."

असे चौघं एसटीनं लातूरला गेले. डॉक्टरीणबाईंनी भीमाला चालवलं, जीभ बाहेर काढून धरायला सांगितली, ती त्याला धरवेना. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला होतं?"

"ह्याच्या बापाला," धुरपताबाई म्हणाली. सांगताना मान खाली घातली, चोरी पकडल्यावाणी.

"आणि त्यांच्या वडिलांना?"

"न्हाई. मामंजीला काई न्हवतं. त्येंच्या अंगात मरीआई यायची."

"कधी यायची?"

"आधी मंगळवारी. मंग रोजच याया लागली."

"आल्यावर काय व्हायचं?"

"हात उडायचे. मान उडायची. नाचल्यावाणी चालायचे. जेवताना बी यायची, घास तोंडात जाऊ द्यायची न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी हातातला पेन खाली ठेवला. "आणि झोपल्यावर, आजी?"

धुरपताबाई बोलायला गेली आणि थांबली. समोर बाकावर तिचा मुलगा बसल्या जागी उडत होता. ती त्याच्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "झोपल्यावर थांबायची."

सासू, सून, नात. तिघींनाही एकाच वेळी कळलं होतं. मरीआई घरात होती, रोज पूजा होत होती, नैवेद्य मिळत होता, तेव्हाही लिंबाजीचे हात उडत होते. तेव्हा लोक त्याला वारं म्हणाले आणि पाया पडले. देवी आडात गेली, हात उडायचे राहिले नाहीत, तर त्यालाच लोक कोप म्हणाले. रोग एकच. नुसतं नाव फिरलं होतं.

"म्हंजे म्या न्हाई?" धुरपताबाई म्हणाली. "म्या टाकली म्हणून न्हाई?" आणि ती म्हातारी पदर तोंडाला लावून ढसाढसा रडायला लागली. नवऱ्याला आपण मारलं, मुलाची ही गत आपण केली, हे ओझं तिनं पंचवीस-सव्वीस वर्षं एकटीनं वाहिलं होतं. ते तिथं, त्या फिनेलच्या वासाच्या खोलीत, उतरलं.

सरजाबाईचं मात्र उलटं झालं. देवी नसली तर सौदा कुणाशी केला होता? तिनं लेकीकडं पाहिलं. पंचशीला पुढं सरकून बसली होती. तिनं स्वतःच विचारलं, "मॅडम, मला होईल का?"

डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही, हे त्यांचं चांगलं म्हणायचं. त्या रोगाला हंटिंग्टन म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. म्हणाल्या, "आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीत धागे असतात. डोळे कसे, रंग कसा, मेंदू कसा घडवायचा, ते सगळं त्या धाग्यांवर आखलेलं. आणि प्रत्येक आखणी जोडीनं असते. एक आईकडून मिळालेली, एक वडिलांकडून."

"बैलजोडीवाणी," धुरपताबाई डोळे पुसत म्हणाली.

"हो, बैलजोडीच धरा. भीमरावांच्या जोडीत एक बैल चांगला आहे, एक खोडीचा. तुमच्या सुनेचे दोन्ही चांगले. मूल होताना दोघांनी आपापल्या जोडीतला एकेक बैल द्यायचा. आईकडून कुठलाही आला तरी चांगलाच. वडिलांकडून कुठला आला, ते बाहेरून दिसत नाही. चांगलाही असेल, खोडीचाही असेल. निम्मं निम्मं."

"एक खोडीचा निघाला तरी दुसरा वढंल की गाडी," सरजाबाई पहिल्यांदाच बोलली.

"काही आजारांत ओढतो, बाई. तिथं दोन्ही खोडीचे असावे लागतात. या आजारात एकच पुरतो."

"आणि मला चांगला आला असला तर?" पंचशीला.

"मग खोडीचा तुझ्याजवळ नाहीच. मुलांना देणार कुठून? तिथं संपलं."

"तपासता येतं का?"

"आज तरी नाही. कधीतरी येईल." मग म्हणाल्या, "तुमच्या घरात दर पिढीला थोडं लवकर येतंय. बापाकडून येतं तेव्हा असं होतं कधी कधी. का होतं, ते आम्हालाही अजून कळलेलं नाही."

सरजाबाईनं एकच विचारलं, "ह्ये ठरतं कवा?"

"पोटात राहतं त्या क्षणी."

म्हणजे ती आडात उतरली तेव्हा पंचशीला आठ वर्षांची होती. ठरायचं ते केव्हाच ठरलेलं होतं. दर मंगळवारी मडक्यावर ठेवलेला हात, ती भीती, ती चोरी, सगळं मागाहून. सरजाबाईला देवीचा राग आला नाही. तिला ती एकदम हवीशी वाटली. देवीशी भांडता यायचं, हातापाया पडता यायचं. रक्ताला काय सांगणार?

परतीच्या गाडीला वेळ होता. एसटी स्टँडवर भीमाला मधे बसवून चौघं बाकावर बसले. सरजाबाईची नजर सवयीनं लेकीच्या मांडीवर गेली आणि तिथंच अडकली. पंचशीलाची बोटं चालली होती. आपल्याआप. एक वर, एक खाली, मग करंगळी. पोरगी समोर रस्त्याकडं बघत होती, तिला पत्ताच नव्हता.

"पंचे," सरजाबाईच्या तोंडून कसाबसा आवाज निघाला.

पंचशीलानं वळून पाहिलं. आईचं तोंड पाहिलं, मग आईची नजर जिथं होती तिथं पाहिलं. इतकी वर्षं माय अक्षराकडं बघत नव्हती, हे तिला त्या बाकावर उमगलं.

"टाइप करून राहिले, माय," ती म्हणाली. "मनातल्या मनात. सवय लागलीय." बोटं तिनं मुठीत घेतली. आणि म्हणाली, "माझ्या बोटांकडं बघायचं न्हाई. मला काय व्हायचं ते होऊ दे, न्हाई तर न होऊ दे. पण तू अशी बघत राहिलीस तर मला रोज होईल."

सरजाबाईनं मान हलवून हाव म्हटलं. म्हणायला काय जातं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं उतरंड उतरवली आणि मुखवटा सासूच्या पुढ्यात ठेवला. वाटलं, म्हातारी आता झिंज्या धरणार. धुरपताबाईनं तो हातात घेतला, पदरानं नाक पुसलं, देवीचं, स्वतःचं नाही, आणि म्हणाली, "हितं व्हतीस व्हय गं." मग सुनेला म्हणाली, "बिचारीवर उगं आळ घेतला आपन. कुनाचं काई केलं न्हाई हिनं. बरं बी न्हाई, वाईट बी न्हाई." मुखवटा उदगीरला कासाराकडं मोडीत गेला. त्याच्या बदल्यात पितळेचा जाड बुडाचा पेला आला. भीमाच्या हातून तो कमी लवंडायचा. भीमा जाईपर्यंत त्याच पेल्यानं पाणी पीत होता.

पंचशीलाला कलेक्टर कचेरीत नोकरी लागली. भीमा गेला, मग धुरपताबाई गेली, शांतपणे, झोपेत. सरजाबाई लेकीपाशी लातूरला राहायला आली. लग्नाचा विषय निघाला की पंचशीला सांगायची, "आधी मला कळू दे, माझ्यापाशी कोणता बैल हाय." मागणी घालायला आलेल्या एका मास्तरलाही तिनं हेच सांगितलं. मास्तर चहा पिऊन गेला, परत आला नाही.

आणि सरजाबाई न बघायला शिकली. हे सोपं होतं असं कोणी समजू नये. लेक कचेरीतून आली की ही लसूण घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायची. आत भांडं पडलं की मानेच्या शिरा ताठायच्या, पण मान वळवायची नाही. पंचशीलाला ते कळायचं. ती आतूनच सांगायची, "हात ओला होता, माय." मांडीवर बोटं चालली असली तरी आपणहून सांगायची, "टायपिंग हाय, माय." आईनं विचारायचं नाही, लेकीनं सांगायचं. असं त्यांचं बोलून न ठरवता ठरलेलं होतं, आणि त्यावर दोघींचे दिवस बरे चालले होते. कधी कधी तर सरजाबाई विसरून जायची.

एका मार्चमध्ये दोघी नागलवाडीला जायला निघाल्या. शेजारणीच्या नातीचं लग्न होतं. लातूरच्या स्टँडवर बाक तसेच होते, फक्त रंग दिलेले. हातोडा सुटला तेव्हा भीमा ज्या वयाचा होता, त्या वयाला पंचशीला अजून पोचली नव्हती. तिच्या मांडीवर आहेराच्या लुगड्याची प्लास्टिकची पिशवी होती.

ती पिशवी वाजायला लागली. थोडी वाजायची, थांबायची, परत वाजायची. वारा नव्हता. सरजाबाईनं नजर समोरच्या पाटीवर ठेवली, उदगीर, देगलूर, निलंगा, आणि लेकीच्या तोंडच्या 'टायपिंग हाय'ची वाट बघत बसली. एक गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेली. पिशवी वाजत होती. पंचशीलाही समोरच बघत होती आणि काही बोलत नव्हती.

सरजाबाईनं हात पुढं केला आणि लेकीच्या हातावर ठेवला. पंचशीलानं हात मागं घेतला नाही. पिशवी वाजायची थांबली. हाताखाली बोटं चालूच होती. सरजाबाईनं तिकडं बघितलं नाही.